पाळी जाऊन वर्ष झालं, डॉक्टर हार्मोन सुरू करा म्हणतात. घ्यावं का? (नवऱ्याचाही एक प्रश्न आहे)

जुनी_शुक्रवारी

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको लिहू करत होती, आज लिहूनच टाकते. माझं वय ५०, पतसंस्थेत काउंटरला बसते, पाळी बंद होऊन आता १४ महिने झाले. पाळी गेली तेव्हा बरंच वाटलं होतं, कटकट मिटली म्हटलं, पण त्याच्यानंतर जे सुरू झालं ते मला कोणी सांगितलंच नव्हतं, ना आईनं ना बहिणीनं. छातीतून एकदम गरम लाट उठते, मानेवरून डोक्यापर्यंत जाते, चेहरा लालबुंद, ब्लाउज ओला अन् दोन-चार मिनिटांनी उलटी थंडी वाजते. दिवसातून आठ-दहा वेळा होऊन राहिलं हे. नागपूरची थंडी तुम्हाला माहीतच आहे, घरचे सगळे रजया घेऊन झोपलेले असतात अन् मी पंखा फुल करून पलंगावर बसलेली. रात्री तीनला उठून गाऊन बदलते, मग झोप येत नाही ती पाच वाजेपर्यंत.

काउंटरवर नोटा मोजताना मधेच आकडा विसरते. मशीन आहे म्हणून ठीक आहे, पण पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लोकं विचारतात मॅडम तब्येत बरी नाही का. घरी मुलीवर विनाकारण ओरडते अन् मग बाथरूममध्ये जाऊन रडते.

शेवटी रामदासपेठला एका लेडी डॉक्टरकडे गेली. त्यांनी थायरॉईड, शुगर, बीपी, खालून सोनोग्राफी, मॅमोग्राफी सगळं करायला लावलं, सगळं नॉर्मल आलं. त्या म्हणाल्या हातावर लावायचं इस्ट्रोजनचं जेल अन् रात्री एक प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल सुरू करा. ती चिठ्ठी तीन आठवड्यांपासून पर्समध्ये आहे. कारण जाऊबाई म्हणाल्या की हार्मोन घेणं म्हणजे कॅन्सरला घरी बोलावणं, अन् माझ्या सख्ख्या मावशीला ७१ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. तरी हिंमत करून मेडिकल स्टोअरमध्ये गेली तर त्या माणसानं दुकानात गर्दी असताना मोठ्यानं विचारलं, ही तर प्रेग्नन्सीत देतात, तुम्हाला कोणी लिहून दिली? मी तशीच परत आली.

आता नवऱ्याचं. ते ५७ चे आहेत. वर्षभरापासून थकवा, जेवण झालं की झोप, पोट सुटलं, बाकी गोष्टीतही मन नाही (समजून घ्या). ऑफिसच्या हेल्थ पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉन २९० आलं, लाल अक्षरात. तेव्हापासून मोबाईलवर सारख्या जाहिराती दिसून राहिल्या अन् ते इंजेक्शन घ्यायचं म्हणून बसले. बायकांसारखी माणसांची पण पाळी जाते का हो, म्हणजे तसं काही असतं का? दोघांनीही हार्मोन घ्यायचे का या वयात? ज्यांनी घेतलं त्यांनी प्लीज खरं खरं सांगा.

धरमपेठची_सायकल

ताई, तुमचं वाचून मला माझंच दोन वर्षांपूर्वीचं वाटलं. मी ५२. मी शाळेत शिकवते अन् एप्रिल-मे मध्ये पेपर तपासायला बसलो की कूलरसमोरची खुर्ची माझीच असायची, तरी घाम. मला सगळ्यात जास्त त्रास झोपेचा अन् सांधेदुखीचा होता, सकाळी बोटं वळायची नाहीत. मी पण आठ महिने घाबरण्यातच घालवले अन् ते आठ महिने गेल्याचं आता वाईट वाटतं.

जेल सुरू केल्यावर जादू झाली नाही पहिल्या आठवड्यात, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही चार दिवसांत सोडून द्याल. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून लाटा कमी झाल्या, अन् तीन महिन्यांत रात्रीचा घाम जवळपास गेला. कॅप्सूल रात्रीच घ्यायची, तिनं थोडी गुंगी येते पण मला तर त्यामुळे झोपच चांगली लागते. जेल आंघोळीनंतर दंडावर किंवा मांडीवर लावायचं, छातीवर नाही, अन् वाळेपर्यंत थांबायचं. माझी नात येते तेव्हा मी ते लावलेल्या जागेवर बाही ओढून घेते, लहान मुलांच्या अंगाला लागू द्यायचं नसतं. पहिले दोन महिने छाती थोडी दुखत होती, डॉक्टरांनी एक पंप कमी केला, गेलं.

केमिस्टचं मनावर घेऊ नका. दुसऱ्या दुकानात जा किंवा डॉक्टरकडच्याच फार्मसीतून घ्या.

सदाफुली

मला यात थोडं वेगळं म्हणायचंय, रागावू नका. पाळी येणं नैसर्गिक तसं जाणंही नैसर्गिक. आपल्या आया-आज्यांनी कुठे जेल लावलं होतं? माझ्या आजीला अकरा लेकरं, ती ८४ वर्षं जगली, शेवटपर्यंत विहिरीचं पाणी काढायची. शरीर दोन-तीन वर्षांत आपोआप जुळवून घेतं. सोयाबीन खा, शतावरी घ्या, सकाळी चाला, मन रमवा. एकदा का हे औषध अंगात गेलं की सोडता येत नाही असं ऐकलंय.

काटोलची_लेक

सदाफुली ताई, तुमच्या आजीबद्दल आदर आहे, पण मले माह्यं सांगू द्या.

मी ३९ ची असताना अंगावरून जास्त जायचं म्हणून तालुक्याच्या एका दवाखान्यात दाखवलं, त्यांनी पिशवी काढा म्हटलं, अन् काढताना दोन्ही बाजूच्या ओव्हरीजही (अंडाशय) काढल्या, 'पुढे कॅन्सरची भीती नको' म्हणून. तेव्हा आम्हाले काय समजते, डॉक्टर म्हंते तर सही केली. ऑपरेशनच्या पंधरा दिवसांतच अंगातून वाफा निघाले लागल्या. हळूहळू नाही, एकदम. कोणी सांगतलंच नाही की ओव्हरी काढली म्हणजे त्याच दिवशी पाळी जाण्याच्या वयाच्या बाईसारखं शरीर होते, अन् तेही ३९ व्या वर्षी. कोणी हार्मोनचं नावसुद्धा काढलं नाही.

४७ व्या वर्षी अंगणात पाय घसरला, साधं पडली, अन् मनगट मोडलं. नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात प्लास्टर केलं तेव्हा तिथल्या मॅडमनं हाडांचं डेक्सा स्कॅन करायला लावलं. टी-स्कोअर, म्हणजे हाडं किती दाट आहेत त्याचा आकडा, उणे ३.१ आला. त्यांनी सांगतलं की उणे अडीच किंवा त्याच्याही खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे हाडं ठिसूळ होणं. त्या मॅडमनं मले विचारलं, आठ वर्षं तुम्ही हार्मोन काऊन नाही घेतले? मी काय सांगणार.

म्हणून नैसर्गिक नैसर्गिक ऐकलं की मले त्रास होते. माह्यं काय नैसर्गिक होतं त्यात? बीडकडच्या ऊसतोडीच्या बायांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या होत्या, किती बाया असतील अशा ज्यायले नंतर कोणी विचारलंच नाही. ज्या बायांची लवकर पिशवी-ओव्हरी काढली त्यांनी हे वाचत असाल तर डॉक्टरले नक्की विचारा, इतकंच म्हणते.

सदाफुली

ताई, हे मला माहीत नव्हतं. माझं लिहिणं तुम्हाला लागलं असेल तर माफ करा. मी वयाप्रमाणे पाळी जाते त्याबद्दल बोलत होती.

ओपीडी_नंतर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नागपुरातच प्रॅक्टिस करते. जुनी शुक्रवारी ताई, तुम्हाला मी तपासलेलं नाही त्यामुळे घ्या किंवा घेऊ नका असं इथे सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी बघून ठरवलंय. पण जाऊबाईंची भीती कुठून आली ते सांगते कारण ही भीती माझ्या ओपीडीत रोज खुर्चीवर येऊन बसते, अन् थोडं लांबेल त्याबद्दल माफी.

आधी मागचं. अमेरिकेत बायकांना पाळी गेल्यावर नुसतं इस्ट्रोजन द्यायचे. १९७५ मध्ये लक्षात आलं की गर्भाशय असलेल्या बाईला एकटं इस्ट्रोजन दिलं तर आतलं अस्तर वाढत राहतं अन् गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन द्यायला लागले, ते अस्तराला आवर घालतं. तुमच्या चिठ्ठीवरची रात्रीची कॅप्सूल त्याच्यासाठी आहे. हो, तेच औषध गरोदरपणातही वापरतात कारण रेणू तोच आहे, शरीर स्वतः बनवतं तोच. केमिस्टचं अर्धं बरोबर होतं, विचारायची पद्धत चूक होती. पण ही कॅप्सूल 'नको वाटते' म्हणून सोडून नुसतं जेल लावायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ज्यांचं गर्भाशय काढलंय त्यांना सहसा ती लागत नाही.

आता २००२. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा खूप मोठा अभ्यास अमेरिकेत चालू होता, त्यातला १६,६०८ बायकांचा एक भाग त्या जुलैमध्ये मुदतीच्या आधीच थांबवला. अर्ध्या बायकांना गोळी, अर्ध्यांना हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सरासरी पाच वर्षांच्या थोडं वर झाल्यावर दिसलं की ब्रेस्ट कॅन्सर २६ टक्क्यांनी जास्त. पेपरात हाच आकडा छापून आला अन् जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या, डॉक्टरांनी लिहिणं सोडलं, आमच्या पिढीला तर हे औषध द्यायला कोणी नीट शिकवलंही नाही. पण तोच आकडा असा बघा, दर १०,००० बायकांमागे वर्षाला औषध न घेणाऱ्यांत ३० जणींना ब्रेस्ट कॅन्सर झाला, घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत ८ जास्त. ८ बायका म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, त्या आठही कोणाच्या तरी आई-बहिणी आहेत. हृदयविकार ७ जास्त, स्ट्रोक ८ जास्त, फुप्फुसात गुठळ्या ८ जास्त, अन् दुसऱ्या बाजूला खुब्याचं हाड मोडणं ५ नी कमी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर ६ नी कमी.

पण त्या बायका कोण होत्या? सरासरी वय ६३. बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. अन् औषध कोणतं होतं? गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजन, तोंडानं घ्यायची गोळी, सोबत एक कृत्रिम प्रोजेस्टिन. ५० वर्षांची, पाळी जाऊन वर्ष झालेली, घामानं झोप उडालेली बाई त्या अभ्यासात फार कमी होती. नंतर वयाप्रमाणे आकडे वेगळे करून बघितले तेव्हा कळलं की ६० च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर फायद्याचं पारडं जड असतं, अन् त्याच्यानंतर पहिल्यांदा सुरू केलं तर धोक्याचं. ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं अन् नुसतं इस्ट्रोजन दिलं, त्या गटात ब्रेस्ट कॅन्सर वाढलाच नाही, स्ट्रोक मात्र वाढले म्हणून तो भाग २००४ मध्ये थांबवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनंसुद्धा (औषधांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) या औषधांच्या पाकिटावरची काळ्या चौकटीतली मोठी सूचना काढायचं जाहीर केलं, फक्त एकट्या इस्ट्रोजनवरची गर्भाशयाच्या कॅन्सरची सूचना तेवढी ठेवली.

जेल का दिलं तेही सांगते. गोळी पोटातून आधी लिव्हरमध्ये जाते अन् तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. कातडीतून गेलं की लिव्हरची ती पहिली फेरी टळते, त्यामुळे नेहमीच्या डोसला गुठळीचा धोका गोळीसारखा वाढलेला दिसत नाही. तुमच्या डॉक्टरांनी विचार करून लिहिलंय असं मला वाटतं.

मावशीबद्दल. ७१ व्या वर्षी एका मावशीला झाला, एवढ्यावरून हे औषध बंद होत नाही. आई किंवा बहिणीला, त्यातही कमी वयात, झाला असता तर मी वेगळं बसून बोलले असते. ज्यांनी घेऊच नये त्या म्हणजे स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्या, हार्ट अटॅक-स्ट्रोक येऊन गेलेल्या, लिव्हरचा चालू आजार असलेल्या, अन् अंगावरून रक्त जातंय पण कारण सापडलेलं नाही अशा. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी पडला तरी तपासायचं, 'उष्णतेनं झालं असेल' म्हणून बसायचं नाही.

सदाफुली ताईंनी विचारलं सोडता येत नाही का. येतं. कमी करत आणता येतं, दरवर्षी बसून ठरवायचं अजून हवं का. काहींना सोडल्यावर लाटा परत येतात कारण मुळात हा त्रास दोन-तीन वर्षांत संपतोच असं नाही, बऱ्याच बायकांना सात वर्षांच्या वरही चालतो. चालणं, वजन उचलायचे व्यायाम, हे तर हवंच, हार्मोन घेणाऱ्यांनाही हवं. सोयाबीननं थोड्या जणींना थोडा आराम पडतो, खा, पण रात्री तीनला गाऊन बदलणाऱ्या बाईला नुसतं सोयाबीन सांगणं मला पटत नाही.

काटोलच्या ताई, तुमचं वाचून मला फार वाईट वाटलं. कमी वयात ओव्हरी गेल्या की, काही अडचण नसेल तर, निदान नैसर्गिक पाळी जाते त्या वयापर्यंत हार्मोन द्यायचे असतात, हाडांसाठी अन् हृदयासाठीही. आपल्याकडे ते वय साधारण ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१. तुम्हाला आता हाडांचं वेगळं औषध चालू असेलच, ते मधे सोडू नका.

अन् एक गोष्ट कोणीच विचारत नाही म्हणून मीच लिहिते. खालचा कोरडेपणा, जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीचं इन्फेक्शन. बाया सात-सात वर्षं अँटिबायोटिक खात राहतात अन् सांगत नाहीत. लाटा काळाबरोबर कमी होतात, पण हा त्रास कमी होत नाही, वाढत जातो. त्याला फक्त तिथेच लावायचं इस्ट्रोजनचं क्रीम असतं, रक्तात अगदी नगण्य जातं, ७० वर्षांच्या बाईलाही देते मी. लाजू नका, डॉक्टरला स्पष्ट सांगा.

नवऱ्याच्या प्रश्नाबद्दल दुसऱ्या कोणी लिहावं, फक्त एवढं सांगते की सॅम्पल किती वाजता दिलं ते बघा.

जुनी_शुक्रवारी

डॉक्टर, मी हे तीनदा वाचलं अन् जाऊबाईंनाही पाठवलं. खूप आभार. सॅम्पल संध्याकाळी सहाला दिलं होतं, ऑफिस सुटल्यावर, त्याच्याआधी समोसा-चहा झाला होता.

अंबाझरी_पहाटे

मग त्या २९० ला काही अर्थ नाही वहिनी. माझा अनुभव लिहितो, दादांना जरूर वाचायला द्या.

मी ५९, रिटायर्ड इंजिनिअर. चार वर्षांपूर्वी मला अगदी हेच सगळं होतं, थकवा, पोट, मूड नाही. मी डॉक्टरकडे न जाता जिममधल्या ट्रेनरचं ऐकलं, त्यानं सांगितलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दर पंधरा दिवसांनी घ्यायला लागलो. पहिले दोन महिने फार भारी वाटलं, मी खोटं बोलणार नाही. मग डोकं जड, चेहरा लाल, बीपी वाढलं. ब्लड टेस्ट केली तर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग, ५६ टक्के. रक्त एवढं घट्ट झालं होतं की फिजिशियन म्हणाले ५४ च्या वर गेलं की हे औषध थांबवायचंच असतं, गुठळ्या होऊ शकतात. बंद केलं. अन् बंद केल्यावर खरी परीक्षा सुरू झाली कारण बाहेरून मिळतंय म्हटल्यावर मेंदूनं स्वतःच्या कारखान्याला सुट्टी देऊन टाकली होती, कित्येक महिने मी आधीपेक्षा खाली होतो. ज्या तरुण पोट्ट्यांना अजून मुलं व्हायची आहेत त्यांनी तर हे जिमच्या नादानं घेऊच नये, शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी माझ्या भाच्याला वेळेत थांबवलं असतं.

मग एंडोक्राइनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरकडे) गेलो, त्यांनी जे समजावलं ते असं. बाईची पाळी जाते तसं पुरुषात काही एका दिवशी बंद होत नाही. ओव्हरी काम थांबवते, अंडकोष थांबवत नाहीत, चाळिशीपासून वर्षाला साधारण एखादा टक्का उतरत जातं, अन् बऱ्याच जणांना ८० पर्यंतही पुरेसं असतं. त्यामुळे 'पुरुषांचा मेनोपॉज' हा शब्द जाहिरातीत बरा आहे, शरीरात तसं नसतं. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, दिवसभर उतरतं, जेवल्यावरही उतरतं. म्हणून सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, अन् एकदा नाही तर वेगवेगळ्या दोन दिवशी मोजायचं. दोन्ही वेळा ३०० च्या खाली अन् सोबत लक्षणंही असतील तरच पुढचा विचार, अन् मग एलएच, प्रोलॅक्टिन हे दुसरे हार्मोन बघून कारण शोधायचं, कधीकधी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ निघते. इंजेक्शनच्या आधी पीएसए (प्रोस्टेटची रक्त तपासणी) बघतात, झोपेत श्वास अडकतो का ते बघतात.

माझं काय निघालं? सकाळी मोजलं तर ३४० अन् ३६०. शुगर बॉर्डरवर, वजन ९४, अन् स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं. चरबी स्वतःच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजन करते अन् झोप तुटली की बनणं कमी होतं, म्हणजे मी आग सोडून धुरावर पाणी टाकत होतो. मशीन लावून झोपायला लागलो, रात्रीचं सावजी जेवण (आपलं तिखट-तेलकट) महिन्यातून एकदा केलं, पहाटे तलावाला चक्कर अन् आठवड्यात तीन दिवस वजन उचलणं. दीड वर्षात ११ किलो गेले. आता सकाळचं ४७० आहे, एकही इंजेक्शन न घेता.

ज्यांना खरोखर कमी आहे त्यांना औषध द्यायलाच हवं, त्यांचं आयुष्य बदलतं, मी त्याच्या विरोधात नाही. हृदयाची भीतीही थोडी कमी झाली आहे, २०२३ मध्ये ट्रॅव्हर्स नावाच्या अभ्यासाचा निकाल आला, ४५ ते ८० वयाचे पाच हजारांवर पुरुष, सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन खरंच कमी अन् हृदयाचा धोका आधीच असलेले. जेल लावणाऱ्यांत हार्ट अटॅक-स्ट्रोक वाढले नाहीत. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी, किडनीला अचानक इजा हे थोडं जास्त दिसलं, अन् हाडं मजबूत होतील असं वाटत होतं तर फ्रॅक्चर उलट जास्त निघाले. माझे डॉक्टर म्हणाले, ज्याला कमी आहे त्याला हे औषध, ज्याला कमी नाही त्याला फक्त साइड इफेक्ट. अन् हे शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय जिममध्ये मिळतंय म्हणजे तिथूनच काहीतरी चूक आहे.

धरमपेठची_सायकल

दादा, तुम्ही हे उघडपणे लिहिलं ते फार चांगलं केलं. माझे मिस्टर वाचून गप्प बसले, उद्या सकाळी लॅबला जाऊन राहिले.

जुनी_शुक्रवारी

सात आठवड्यांनी परत आली. सगळ्यांना सांगायचंच होतं.

त्या दिवशी डॉक्टरांचं वाचून दुसऱ्या दिवशी परत माझ्या डॉक्टरकडे गेली, मावशीचं, लिव्हरचं, सगळं परत विचारलं, त्यांनी अर्धा तास दिला. मग औषध घेतलं. दुसऱ्या दुकानातून घेतलं, तिथे एक मुलगी होती, तिनं काही न विचारता पिशवीत घालून दिलं अन् रात्री जेवणानंतर लगेच नको, झोपताना घ्या एवढंच सांगितलं. लाटा आता दिवसातून एक-दोन. परवा पहिल्यांदा सलग सहा तास झोपली. सकाळी उठल्यावर मुलगी म्हणाली आई आज तू गाणं म्हणून राहिली ओट्यावर. मला माहीतच नव्हतं मी म्हणत होती.

जाऊबाईंनी डॉक्टरांचं पूर्ण वाचलं अन् मग हळूच विचारलं, ते क्रीमचं कोणाला विचारायचं ग? त्या ६३ च्या आहेत. पुढच्या मंगळवारी मी त्यांना घेऊन जाते आहे.

यांचं सकाळी आठला, उपाशी, दोनदा केलं. ४१० अन् ३९५. शुगर मात्र आली, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.२. औषध सुरू झालं, अन् ट्रॅफिक पार्कला फिरायला जातो आम्ही दोघं.

फक्त एक काळजी आहे. गेल्या चार दिवसांपासून हलके तपकिरी डाग पडून राहिले. डॉक्टर, तुम्ही लिहिलं होतं डाग पडला तर बसायचं नाही. पण औषधानंही होतं म्हणतात. थांबू की जाऊ?

ओपीडी_नंतर

ताई, वाचून फार बरं वाटलं. सुरू केल्यावर पहिले तीन ते सहा महिने असे डाग बऱ्याच जणींना पडतात, शरीर बसतंय त्याला, अन् तुमची सोनोग्राफी सुरू करायच्या आधीच नॉर्मल होती ही जमेची बाजू आहे. तरीही डॉक्टरांना आज फोन करून सांगा, तारीख अन् किती ते लिहून ठेवा. रात्रीची कॅप्सूल एखाद्या दिवशी चुकली होती का तेही आठवा, तसं झालं तरी डाग दिसतात. स्वतःहून बंद करू नका. भरपूर जायला लागलं, किंवा सहा महिन्यांनंतरही चालू राहिलं, किंवा एकदा थांबून परत सुरू झालं, तर परत सोनोग्राफी करून अस्तर बघावं लागेल.

जुनी_शुक्रवारी

हो, दोनदा चुकली होती, भाचीच्या लग्नाला अमरावतीला गेलो होतो तेव्हा डबी घरीच राहिली. आता फोन केला, त्यांनी मंगळवारी जाऊबाईंसोबतच या म्हटलं.

काटोलची_लेक

ताई, मंगळवारी मीही नागपूरले येऊन राहिली, हाडांच्या इंजेक्शनची तारीख आहे. तुमच्या डॉक्टरचं नाव मले मेसेजमध्ये पाठवसान. माह्या धाकट्या बहिणीले पिशवी काढाले सांगितली आहे तालुक्याला, ती ४१ ची आहे. सही कराच्या आधी एकदा तिले दाखवून आणतो.

जुनी_शुक्रवारी

पाठवलं. अकराची वेळ आहे, तुम्ही आल्या तर आमच्यासोबतच बसा, नंबर लवकर लागेल. बहिणीचे सगळे रिपोर्ट सोबत आणा.